गाय रवंथ करताना चावणे मोजते कोण? खाण्याच्या क्रियेचा अभ्यास इलेक्ट्रोडशिवाय करता येईल का?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. प्राणी अन्न कसे खातात, म्हणजे तोंड, जीभ आणि जबडा यांची यंत्ररचना कशी चालते आणि तिच्यामागे चेतासंस्था काय करते, या विषयावर मला यंदाचा प्रकल्प करावयाचा आहे. मात्र तो आमच्याकडे करता येईल की नाही यावरच विभागात दोन मते पडली आहेत, म्हणून येथे विचारते.

हा विषय डोक्यात शिरला तो घरच्या गोठ्याजवळ. आमचे गाव निफाड तालुक्यात आहे, द्राक्षबाग आहे आणि दोन गायी आहेत. दिवाळीच्या सुटीत एका रात्री बागेला पाणी भरण्यासाठी वडिलांबरोबर गेले होते. वीज येण्याची वाट पाहत आम्ही बसलो होतो आणि समोर आमची थोरली गाय रवंथ करीत होती. वेळ जावा म्हणून मी बॅटरीच्या उजेडात तिचे चावणे मोजू लागले. एका घासाला जबडा ५२ वेळा फिरला, मग घास गळ्यातून खाली गेला, चार-पाच सेकंद सारे शांत राहिले, नंतर मानेच्या कातडीखालून वर सरकणारी लाट स्पष्ट दिसली आणि चावणे पुन्हा सुरू झाले. पुढच्या घासाला ४९, त्यापुढच्याला ५४, मग ५१. अर्ध्या तासात हा आकडा ४६ च्या खाली किंवा ५७ च्या वर गेला नाही. घास दर वेळी सारखाच कसा असेल? मग ही मोजणी करते कोण, तोंड, पोट की मेंदू?

पाठ्यपुस्तकात याचे उत्तर सापडत नाही. बी. के. आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी १९५१ साली उंदरांवरील प्रयोगांतून मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या पार्श्वभागातील भुकेचे केंद्र दाखवून दिले, हे एका प्रकरणात येते. (आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले, हे वाचून मला विशेष आनंद झाला होता.) दात, जबड्याचे स्नायू आणि कीटकांची मुखांगे यांची वर्णने दुसऱ्या प्रकरणात येतात. भूक लागल्यापासून घास गिळेपर्यंत मध्ये जे काही घडते, त्यासाठी तिसरे प्रकरणच नाही.

माझे मार्गदर्शक म्हणतात, की चेतासंस्थेचा अभ्यास म्हणजे चेतापेशींतील विद्युत्‌संकेतांची नोंद, आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रोड व विवर्धक आपल्याकडे नाहीत, तेव्हा विषय बदलावा. दुसऱ्या प्राध्यापिका म्हणतात, की मग केवळ हालचालींचे वर्णन करावे आणि चेतासंस्थेचे नाव काढू नये. माझ्याजवळ विभागातील एक स्टिरिओ सूक्ष्मदर्शक, सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाईल आणि प्रयोगशाळेच्या मत्स्यटाकीत आपोआप वाढलेल्या पाणगोगलगायी एवढेच साहित्य आहे. एवढ्यावर या विषयाला प्रामाणिकपणे हात घालता येईल का, आणि घालावयाचा असल्यास प्राणी कोणता निवडावा?

दिंडोरीचा पशुवैद्य यांचे उत्तर

आपण रात्री बसून मोजणी केलीत हे वाचून समाधान वाटले. गाय रवंथ करते की नाही एवढेच बहुतेक लोक सांगतात, किती करते ते कोणी सांगत नाही.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की चावण्यांची संख्या कोणीच मोजत नाही. आपण आकड्यांबरोबर घड्याळही पाहिले असते तर निम्मा उलगडा तेथेच झाला असता. कोठीपोट आणि जाळीपोट या गायीच्या पोटाच्या पहिल्या दोन कप्प्यांची आकुंचने ठरावीक क्रमाने, साधारणपणे मिनिटाला एकदा, होत असतात. रवंथ चालू असताना या नेहमीच्या आकुंचनाच्या अगदी आधी जाळीपोटाचे एक जादा आकुंचन होते, त्याच क्षणी गाय स्वरयंत्राचे द्वार बंद ठेवून श्वास ओढते, त्यामुळे छातीतील दाब उतरतो आणि जाळीपोटातील पातळ लगदा अन्ननलिकेत खेचला जातो. आपण पाहिलेली लाट ती हीच. तोंडात आल्यावर त्यातील पाणी पिळून लगेच गिळले जाते आणि उरलेला चोथा चावला जातो. पुढचा घास पोटाच्या पुढच्या फेरीला वर येणार असल्यामुळे चावण्यास जो अवधी मिळतो तो जवळपास ठरलेला असतो, आणि जबडा सेकंदाला सुमारे एकदा फिरत असल्यामुळे आकडा पन्नासच्या आगेमागे राहतो. वाळका कडबा आणि हिरवा घास यांत थोडा फरक पडतो, म्हणजे तोंडाचेही काही म्हणणे असते, परंतु मुख्य ताल पोटाचा आहे.

हे हाताने अनुभवता येते. गायीच्या डाव्या भकाळीत, शेवटच्या बरगडीच्या मागे, मूठ घट्ट दाबून उभे राहावे. कोठीपोट आकुंचन पावले की मूठ बाहेर ढकलली जाते. आम्ही तपासणीत हेच मोजतो. दुसऱ्या कोणाला त्याच वेळी मानेवरील लाट पाहण्यास सांगितले, तर दोन्हींचा संबंध आपल्याला घड्याळासह नोंदवता येईल.

आता यात चेतासंस्था कोठे आहे? या आकुंचनांचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातील केंद्राकडून, मेंदू व पोट यांना जोडणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत होते. दोन्ही व्हेगस चेता कापल्या तर ही क्रमबद्ध आकुंचने थांबतात. म्हणजे हे घड्याळ एकट्या पोटातही नाही आणि एकट्या मेंदूतही नाही. पोटाच्या भिंतीचा ताण वर कळतो, वरून आज्ञा खाली येते, त्या आज्ञेने ताण बदलतो आणि तो पुन्हा वर कळतो.

आपल्या भागातील एक उदाहरण देतो. द्राक्षबागेच्या मांडवाची तार बदलताना तिचे बोटभर तुकडे बांधावर पडतात आणि वैरणीत जातात. गायीला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने वैरणीला विळखा घालून ओढते आणि पहिल्या वेळी जेमतेम चावून गिळते, त्यामुळे तार तोंडात कळत नाही. शेळीचे ओठ हलते असतात, ती पान निवडून खाते, म्हणून हा आजार शेळ्यांत क्वचित दिसतो. गायीने गिळलेली तार जड असल्यामुळे जाळीपोटात बसते आणि दर आकुंचनाला भिंतीत थोडी थोडी रुतते. मागील हंगामात अशी एक गाय पाहिली. पाठ कमानीसारखी, कोपरे बाहेर काढलेली, वैरण समोर असूनही रवंथ बंद. वेदनेचा संदेश वर जातो आणि पोटाची हालचाल मंदावते. तोंडाच्या रचनेतील एक उणीव पोटापर्यंत आणि तेथून मेंदूपर्यंत कशी पोहोचते, हे मला त्या गोठ्यात जितके स्पष्ट दिसले तितके पुस्तकात दिसले नव्हते.

एक सूचना. पाणगोगलगायी वापरावयाच्या असल्यास कालव्यातून किंवा तळ्यातून पकडून आणू नयेत, कारण त्यांच्यात जनावरांच्या यकृतकृमीच्या आणि माणसाच्या त्वचेला खाज आणणाऱ्या कृमींच्या अवस्था वाढतात. टाकीतच जन्मलेल्या घ्याव्यात आणि हातमोजे वापरावेत.

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड यांचे उत्तर

डॉक्टरांच्या उत्तरानंतर गायीबद्दल मला भर घालावयाची नाही. प्रकल्पाबद्दल मात्र सविस्तर लिहितो.

आपल्या दोन्ही शिक्षकांचे मत वेगवेगळे दिसत असले तरी त्याचा पाया एकच आहे, आणि तो मला मान्य नाही. चेतासंस्था आज्ञा देते व शरीर ती पाळते, म्हणून एकीचा अभ्यास इलेक्ट्रोडने आणि दुसऱ्याचा मोजपट्टीने करावा, अशी ही समजूत आहे. सुपारी दाढेखाली फोडताना काय होते ते आठवून पाहावे. जबडा मिटणारे स्नायू पूर्ण जोर लावत असतात आणि सुपारी एकाएकी फुटते. तो जोर तसाच राहिला तर खालचे दात वरच्या दातांवर आदळून टवके उडतील. तसे होत नाही, कारण स्नायूंमधील ताण ओळखणारी ग्राहके मेंदूच्या स्तंभाला कळवतात आणि मिटणारे स्नायू क्षणभर ढिले पडतात. हे प्रतिक्षिप्त क्रियेचे उत्तम उदाहरण म्हणून मी कित्येक वर्षे शिकवले. पुढे कळले, की हा संदेश जाऊन परत येईपर्यंत जबड्याने बरेचसे अंतर कापलेले असते, आणि त्याआधीच्या पहिल्या क्षणांत दात वाचवतो तो स्नायूचा स्वतःचा गुणधर्म. स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे अडथळा नाहीसा होताच बळ आपोआप उतरते. मेंदूचे काम येथे काही अंशी मांसच करून टाकते. मी वर्गात जे अर्धे सांगत होतो त्याची रुखरुख अजून आहे.

आपल्या गोगलगायींच्या दूरच्या नात्यातील अ‍ॅप्लिसिया या समुद्री सशाचे उदाहरण याहून बोलके आहे. एरिक कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो याच प्राण्यातील स्मृतीच्या अभ्यासासाठी, पण त्याचे तोंडही तितकेच अभ्यासले गेले आहे. त्याच्या तोंडात किसणीसारखी दातेरी पट्टी असते, तिला रॅड्युला म्हणतात. ती पुढे येते, मिटते, मागे जाते, उघडते. समुद्री शैवाल गिळताना पट्टी उघडी पुढे येते आणि मिटून मागे जाते, म्हणजे शैवाल पकडून आत ओढले जाते. नको असलेली वस्तू बाहेर टाकताना पट्टी मिटलेली पुढे येते आणि उघडी मागे जाते. पुढे-मागे होणे तेच, स्नायू तेच, पट्टी मिटवणारी बी८ नावाची चेतापेशीही तीच, फक्त तिने संदेश पाठवण्याची वेळ फेरीच्या एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात सरकली, की गिळण्याचे थुंकणे होते. आता कोणी केवळ बी८ मध्ये इलेक्ट्रोड घालून तिचे संदेश मोजत बसला आणि त्या वेळी पट्टी पुढे आहे की मागे हे त्याने पाहिलेच नाही, तर प्राणी जेवतो आहे की ओकतो आहे हे त्याला सांगता येणार नाही. हिलेल चिएल आणि रँडल बीअर यांनी १९९७ साली मांडलेला मुद्दा हाच होता, की वर्तन हे चेतासंस्था, शरीर आणि परिसर या तिन्हींच्या परस्परक्रियेतून घडते आणि त्यातील एकालाच त्याचे श्रेय देता येत नाही.

याच्या उलट बाजूचेही सांगितले पाहिजे. लिम्निया या पाणगोगलगायीचे चेतागुच्छ शरीराबाहेर काढून द्रवात ठेवले, तरी खाण्याची तीन टप्प्यांची लय, म्हणजे पट्टी पुढे येणे, खरवडणे आणि आत ओढून गिळणे, त्यांच्या संदेशांत चालू राहते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठात यावर दीर्घकाळ काम झाले आहे. तोंड नाही, अन्न नाही, तरी जेवण चालू! म्हणजे मूळ लय चेताजालातच असते. प्रश्न उरतो तो असा, की अन्नाचा स्पर्श, त्याचा कठीणपणा आणि स्नायूंवर पडणारा भार ही लय किती आणि कोणत्या टप्प्यात बदलतात. येथेच आपल्याला जागा आहे, आणि येथे इलेक्ट्रोड लागत नाही.

माझी सूचना अशी. चेतापेशीला हात न लावता शरीरावरील भार बदलावा आणि लय बदलते का ते पाहावे. साखरेचे प्रमाण तेच ठेवून आगराचे दोन थर करावेत, एक ०.७ टक्क्यांचा, दुसरा २ टक्क्यांचा. चव एकच, कठीणपणा वेगळा. मग उलट करावे: कठीणपणा एकच, साखर वेगवेगळी. (प्राथमिक चाचणीसाठी किराणा दुकानातील चायना ग्रासही चालेल, कारण तेही आगरच असते, नोंदी मात्र प्रयोगशाळेच्या आगरावरच कराव्यात.) पेट्री तबकडीच्या तळाला पातळ थर ओतून गोगलगाय त्यावर सोडावी, तबकडीखाली ४५ अंशांत आरसा ठेवून मोबाईल समोर लावावा, म्हणजे तोंडाची फट, पट्टीचा पुढे येणारा तांबूस-पिवळा कोर आणि तिचे मागे जाणे हे सारे खालून दिसेल. मिनिटाला किती वेळा खरवडले एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक फेरीतील तिन्ही टप्प्यांचा कालावधी वेगळा काढावा, कारण एकूण वेग तोच राहून खरवडण्याचा टप्पा लांबला आणि विश्रांतीचा आखूड झाला, असेही घडू शकते, आणि खरी माहिती तेथेच असते. चित्रफिती मोजणाऱ्याला कोणता थर कठीण आहे हे ठाऊक नसावे. तुमच्या मैत्रिणीला चहा पाजून बसवावे.

कठीण थरावर खरवडण्याचा टप्पा बदलला, तर अन्नाच्या भाराचा संदेश चालू फेरीतच लयीपर्यंत पोहोचतो, किंवा स्नायूंचीच गती भाराने बदलते, एवढे म्हणता येईल. या दोहोंतील फरक करण्यासाठी पुढच्या फेरीकडे पाहावे. पट्टी आगरावरून उचलल्यानंतरही, मोकळ्या पाण्यातील पहिल्या एक-दोन फेऱ्यांत तो बदल टिकला, तर ते केवळ स्नायूवरील भारामुळे असणार नाही. कोणत्या चेतापेशीने हे केले ते सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. शीर्षकात ‘चेताधार’ असा शब्द घालण्याचा मोह टाळावा. ‘खाद्याच्या कठीणपणाचा पाणगोगलगायीच्या खरवडण्याच्या लयीवरील परिणाम’ एवढे पुरे, आणि चर्चेच्या भागात चेतासंस्थेबद्दल हवे तितके लिहावे. दोन्ही शिक्षकांना हरकत घेण्यास जागा उरणार नाही.

बेडूक किंवा भेक (टोड) घेण्याचा विचार असल्यास तो सोडून द्यावा. कशेरुकी प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील परवानगी लागते, आणि प्रकल्पाचा निम्मा काळ त्यातच जाईल. भेकाबद्दलची एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. निशिकावा आणि गॅन्स यांनी १९९२ साली दाखवले, की समुद्री भेकाच्या जिभेकडून मेंदूकडे जाणारे संवेदी तंतू कापले, तर त्याला भक्ष्य दिसते, तो त्यावर झेपावतो, पण त्याचे तोंडच उघडत नाही. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना ढिले सोडण्यासाठी जिभेकडून येणारा संदेश आवश्यक असतो. डोळे, भूक, पाय सगळे जागेवर, आणि भक्ष्यासमोर तोंड बंद.

सूक्ष्मदर्शक यांचे उत्तर

सरांच्या उत्तराला एक छोटी पुरवणी. लय नेहमी चेताजालातच असते असे नाही. सी. एलिगन्स या सूत्रकृमीच्या ३०२ चेतापेशींपैकी २० त्याच्या घशात असतात. अ‍ॅव्हरी आणि हॉर्विट्झ यांनी १९८९ साली लेझरने घशातील सर्व चेतापेशी नष्ट केल्या, तरी घशाचे पंपासारखे आकुंचन चालूच राहिले, मात्र मंद आणि अडखळत. तेथे हृदयाप्रमाणे स्नायूच धडधडतो आणि चेतापेशी त्याचा वेग व वेळ सांभाळतात. त्यामुळे गोगलगायीवरून निघालेला निष्कर्ष ‘प्राण्यांमध्ये’ अशा शब्दाने सुरू करू नये.

फळमाशी, पुणे यांचे उत्तर

मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत फळमाशांवर काम करतो आणि मूळचा नाशिकचा आहे. सरांचा आराखडा उत्तम आहे, परंतु एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. चेतापेशीचे नाव घेऊच नये, हा सल्ला दहा वर्षांपूर्वी योग्य होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रौढ मादी फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे १,३९,२५५ चेतापेशींचा आणि त्यांच्यातील जोडण्यांचा, नकाशा प्रसिद्ध झाला आणि तो कोणालाही घरच्या संगणकावर विनामूल्य पाहता येतो. त्याच सुमारास या नकाशावर आधारलेल्या संगणकीय प्रतिमानात गोडाची चव ओळखणाऱ्या चेतापेशी उत्तेजित केल्यावर सोंड उचलणारी एमएन९ ही चेतापेशी उत्तेजित होते, हे दिसले आणि मधल्या कोणत्या चेतापेशी यात भाग घेतात याचे अंदाज प्रयोगांशी मोठ्या प्रमाणात जुळले. ज्या विद्यार्थ्याकडे इलेक्ट्रोड नाही त्याच्याकडे आज हा नकाशा आहे, आणि त्याचा उपयोग न करणे म्हणजे विहिरीच्या काठावर तहानलेले बसणे होय.

माशीवरचा साधा प्रयोग असा. माशी चव पायांनीही घेते. बर्फावर ठेवून सुस्त केलेली माशी पिपेटच्या टोकाला पाठीकडून चिकटवावी, दमट पेटीत दोन तास सावरू द्यावी आणि आधी पोटभर पाणी पाजावे, नाहीतर ती तहानेने सोंड काढते आणि आपण ती भूक समजतो. मग पुढच्या पायांना साखरेच्या पाण्याचा थेंब टेकवावा. भुकेली माशी तत्क्षणी सोंड पसरते, तृप्त माशी पसरत नाही. साखर पायथ्यापासून वाढवत नेली, की कोणत्या प्रमाणाला किती माशा प्रतिसाद देतात याचा आलेख मिळतो, आणि उपवासाने तो डावीकडे सरकतो. भुकेचे मोजमाप इतके स्वस्तात दुसरीकडे कोठे मिळत असेल असे मला वाटत नाही. द्राक्षाच्या काढणीनंतर बागेत सडके मणी एका बाटलीत ठेवले तर संध्याकाळपर्यंत माशा हव्या तितक्या जमतात, हे आपणास सांगावयास नकोच.

थांबण्याबद्दलही माशीनेच शिकवले. व्हिन्सेंट डेथिअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या माशीची आतड्याच्या पुढच्या भागाकडून मेंदूकडे जाणारी चेता कापली, तेव्हा ती खातच राहिली आणि पोट फुटायच्या बेतास येईपर्यंत फुगली. म्हणजे खाणे सुरू करण्याची आज्ञा चवीतून येते, पण पुरे झाले हे पोट सांगते. दिंडोरीच्या डॉक्टरांच्या गायीशी हे किती मिळतेजुळते आहे ते पाहावे.

सरांच्या बाजूनेही एक गोष्ट कबूल करतो. त्या संगणकीय प्रतिमानात मेंदू आहे, पण सोंड नाही. एमएन९ उत्तेजित झाल्यावर सोंड किती बाहेर येते, थेंब घट्ट असेल तर चोषक पंपावर किती ताण पडतो आणि तो ताण परत मेंदूला काय सांगतो, हे त्यात कोठेच नाही. आपण गोड पाण्यात मिथाइल सेल्युलोज मिसळून गोडी तीच ठेवली आणि घट्टपणा वाढवला, तर गोगलगायीवरील आगराचा प्रयोग माशीवरही करता येईल. मात्र एकाच वर्षात दोन प्राणी घेऊ नका. माझा पहिला प्रकल्प तसाच बुडाला होता.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. मार्गदर्शकांना सरांनी सुचवलेले शीर्षक दाखवले, त्यांनी ते मान्य केले आणि दुसऱ्या प्राध्यापिकांनी आरसा बसवण्यासाठी जुन्या प्रक्षेपकाची चौकटही काढून दिली. प्राणी गोगलगायच घेत आहे. फळमाशीच्या नकाशावर रात्री बराच वेळ गेला, पण पुण्याच्या सरांचा शेवटचा इशारा लक्षात ठेवला आहे.

रविवारी गावी गेले असता डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डाव्या भकाळीत मूठ ठेवून उभी राहिले आणि धाकट्या भावाला मानेकडे पाहण्यास सांगितले. पहिली दहा मिनिटे गायीने शेपटीने माझाच समाचार घेतला. नंतर ती बसली आणि रवंथ सुरू झाले. मानेवर लाट दिसली असे भाऊ ओरडला की काही क्षणांतच मूठ बाहेर ढकलली जाई. चौदा घासांची वेळ नोंदवली. एका लाटेपासून दुसरीपर्यंतचे अंतर ५४ ते ६३ सेकंदांचे होते, आणि ज्या घासांना अवधी जास्त मिळाला त्यांनाच चावणेही जास्त होते. माझा ५२ हा आकडा म्हणजे पोटाने दिलेला वेळ होता, हे आता पटले.

गोगलगायींची सुरुवात मात्र यथातथाच झाली. पहिल्या संध्याकाळी एकही आगरावर थांबली नाही, सगळ्या तबकडीच्या काठावर चढून बसल्या. दोन दिवस उपाशी ठेवून आणि आगरात पालकाचा रस मिसळून पुन्हा सोडल्या, तेव्हा पाचपैकी तिघी खरवडू लागल्या. मऊ थरावर त्यांच्या पट्टीने खळगे पडतात, कठीण थरावर नुसते ओरखडे उमटतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसते. आता अडचण अशी आहे, की फेरीची सुरुवात कोठून धरावी? तोंडाची फट उघडण्यापासून धरली तर एक आकडा येतो आणि पट्टी प्रथम दिसण्यापासून धरली तर दुसरा.

निवृत्त प्राध्यापक, कॉलेज रोड

फट उघडण्यापासून धरावी. पट्टी कधी दिसते हे तुमच्या दिव्यावर अवलंबून राहील, आणि पालकाच्या रसाने हिरवट झालेल्या आगरातून ती आणखी उशिरा दिसेल. रस दोन्ही थरांत एकाच मापाने घाला, आणि खळग्यांची व ओरखड्यांची छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून आजच काढून ठेवा, उद्यापर्यंत आगर वाळते.